बाईंच्या नावाचा उत्प्रेरक

१

काटा हलेना.

समितीची माणसं खुर्च्यांवरून पुढे झुकून मीटरकडे बघत होती. भिंतीला लावलेल्या पोलादी नळीत वरून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन जात होते. नळीत उत्प्रेरकाचे दाणे भरलेले होते. त्या दाण्यांवर दोन्ही वायूंची गाठ पडायची आणि खालून मिथेन बाहेर यायचा, म्हणजे धुरांड्यातून वाया गेलेल्या वायूचा पुन्हा जाळता येणारा इंधनवायू. निदान यायला हवा होता. मीटरचा काटा मात्र शून्यावर चिकटून बसला होता.

तंत्रज्ञाने मीटरच्या काचेवर टिचकी मारली. त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असे, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्याला पानाच म्हणे.

"मीटर बिघडला नाही ना?" समितीतल्या एकाने विचारलं.

"सकाळीच तपासलाय साहेब. बाटलीतला मिथेन सोडला तर टुणकन उडी मारतो."

शेवटच्या खुर्चीवर तपासनीस बसला होता. जळालेल्या कारखान्यांची राख उपसून आग कशी लागली ते विमा कंपन्यांना सांगायचं, हा त्याचा धंदा. आज तो इथे नवरा म्हणून आला होता. नळीतले दाणे त्याच्या बायकोच्या हातचे होते. आजारपणाने ती गेली, त्याआधी तिने भरून सीलबंद केलेली ती शेवटची बाटली. चाचणी पार पडली की या उत्प्रेरकाला तिचं नाव द्यायचं ठरलं होतं. भिंतीवरची पाटी कापडाने झाकून तयार होती.

दुपार झाली तरी काटा हलला नाही. संचालक उठले आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "काल सील सगळ्यांसमोर तोडलं. दाणे सगळ्यांसमोर भरले. वायू बरोबर, तापमान बरोबर. आता उरतात ते दाणे. बाईंनी आजवर जे आकडे दाखवले, ते... तपासून बघावे लागतील."

'खोटे' हा शब्द कुणी उच्चारला नाही. पण तो सगळ्यांच्या तोंडावर आलेला तपासनिसाला स्पष्ट दिसला. तो उठून नळीकडे निघाला.

कुणीतरी त्याचा दंड धरला. त्याचा धाकटा भाऊ होता. तो याच प्रयोगशाळेत कामाला होता.

"चल दादा, घरी चल. इथे थांबू नकोस."

२

धाकट्याने त्याला घरी आणलं, चहा करून दिला, पंखा लावला. गेले चार महिने घर तोच सांभाळत होता. वहिनी गेल्यावर आपली खोली सोडून तो दादाकडे राहायला आला होता. सकाळचा चहा, दुपारचा डबा, धोब्याकडचे कपडे, सगळं तोच बघे. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा.

आणि का नसावा? पोरगा एका ठिकाणी टिकत नव्हता, तेव्हा वहिनीनेच त्याला प्रयोगशाळेत लावून घेतलं. दाणे कसे करायचे, कसे वाळवायचे, कसे भाजायचे, सगळं हाताला धरून शिकवलं.

"ती खोटे आकडे लिहील का रे?" तपासनिसाने विचारलं.

"दादा, आजारी होती ती. शेवटच्या खेपेला काहीतरी चुकलं असेल. निकेल कमी पडलं असेल."

"तिचं? भाजीत मीठ घालायचं तरी वजन करून घालायची."

धाकटा कसनुसं हसला.

"मला नीट सांग," तपासनीस म्हणाला. "काल काय काय केलंत?"

"जागवलं. बाटलीतले दाणे झोपलेले असतात. त्यांच्यातल्या निकेलला प्राणवायू चिकटलेला असतो. तो असेपर्यंत काही होत नाही. म्हणून दाणे आधी खूप तापवायचे आणि वरून नुसता हायड्रोजन सोडायचा. हायड्रोजन तो प्राणवायू ओढून घेतो, त्याचं पाणी होतं, आणि निकेल मोकळं होतं. मग ते कामाला लागतं."

"हायड्रोजन कोणी सोडला?"

"मीच. पानाने भट्टी लावली, नायट्रोजनने नळीतली हवा हुसकली. मग तो गेला. मी नायट्रोजन बंद करून हायड्रोजन चालू केला. खालच्या काचेच्या फुग्यात पाणी ठिबकत होतं, या डोळ्यांनी बघितलं. जागवण्यात काही कसर नव्हती दादा. दाणेच..." तो थांबला. "जाऊ दे. तू जेवून घे."

तपासनीस ताटावर बसला. तेवढ्यात फोन वाजला. संचालकांचा होता.

"सोमवारी निवेदन काढतोय. बाईंचं काम आम्ही मागे घेतोय. वाईट वाटतं, पण माझ्या संस्थेचं नाक कापलं गेलंय."

"सोमवारपर्यंत मला नळी बघू द्या."

"तुम्ही? कशाला?"

"राख बघायची सवय आहे मला," तपासनीस म्हणाला. "ही तर अजून जळलेलीही नाही."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पानाने कुरकुरतच नळीचं झाकण सैल केलं. कडेला वाळूची बादली आणून ठेवली आणि तपासनिसाला हाताने मागे सारलं.

"लांब राहा साहेब. जागा झालेला दाणा हवा लागली की पेटल्यासारखा तापतो. माझी एक भुवई अजून नीट उगवलेली नाही."

"मग उघडतोस कशाला?"

"तुम्ही सांगितलं म्हणून! वर बाईंचा नवरा. नाही कसं म्हणणार?"

त्याने लांब चमच्याने दाणे काढून बशीत टाकले आणि टुणकन मागे उडी मारली. दोघं बघत राहिले. काहीही झालं नाही. पानाने बोट लावून पाहिलं.

"थंडगार," तो म्हणाला, आणि मग बशी खिडकीशी नेऊन थबकला. "अहो साहेब, हे तर हिरवट आहेत."

"मग?"

"जागे झालेले दाणे काळे कुळकुळीत असतात. हे जसे बाटलीतून आले तसेच आहेत."

तपासनिसाने बशी हातात घेतली. तीस वर्षांच्या धंद्यात तो एक गोष्ट शिकला होता. पहिलं जे सापडतं, त्याच्यावर लगेच उडी घ्यायची नाही.

"दोन गोष्टी असू शकतात," तो सावकाश म्हणाला. "एक तर यात निकेलच नाही, नुसती हिरवट माती आहे. मग संचालक म्हणतात ते खरं. किंवा निकेल आहे, पण याला हायड्रोजन मिळालाच नाही."

"सिलिंडर चुकीचा लागला म्हणता? छे! हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे उलटे असतात. नायट्रोजनच्या सिलिंडरला ती जोडणी बसतच नाही, कितीही जोर लावा. आणि काल चाचणीला तोच सिलिंडर होता. हायड्रोजन व्यवस्थित येत होता."

"काल येत होता, तर दाणे कालच का जागे झाले नाहीत?"

"चाचणीची आच त्याला पुरत नाही साहेब. जागवायला भट्टी कितीतरी जास्त तापवावी लागते."

"परवा मग? परवा त्या भट्टीजवळ कोण होतं?"

पानाने मान खाजवली. "मी भट्टी लावून, नायट्रोजन सोडून मुख्य गेटला गेलो, पाहुण्यांच्या गाड्यांची व्यवस्था होती. पुढचं काम मावशींचं. बाईंनंतर विभाग त्यांच्याकडेच आहे ना."

"धाकटा?"

"ते होतेच आसपास. पण..." पाना घुटमळला. "बोलू नये. मावशींची गाडी मी दुपारीच गेटातून बाहेर जाताना बघितली. घाईत होत्या. मला बघून काच वर केली."

४

सगळी प्रयोगशाळा जिला मावशी म्हणे, ती बायकोची कॉलेजपासूनची मैत्रीण. एक टेबल, एक डबा. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ती बायकोचे केस विंचरून द्यायची.

"परवा मी इथेच होते, भाऊजी," ती म्हणाली. "हायड्रोजन मीच सोडला."

तपासनीस तिच्याकडे बघत राहिला. एकच व्हॉल्व्ह आपण फिरवला असं दोन माणसं सांगत होती. त्याने तो विषय तिथेच ठेवला आणि बशी पुढे केली.

"यात निकेल आहे की नाही, ते मला बघायचंय."

मावशीने हिरवट दाणे काचेच्या बारीक नळीत भरले. शेजारच्या नळीत बाटलीत उरलेले दाणे भरले. बाहेरून लोहचुंबक लावलं. दाणे हलले नाहीत. मग दोन्ही नळ्या छोट्या भट्टीत ठेवून तिने हायड्रोजन सोडला.

बाहेर कुणीतरी व्हरांडा धूत होतं. हळूहळू नळ्यांच्या थंड टोकाला दव धरलं, आणि दाणे काळे पडत गेले. नळ्या निवल्यावर मावशीने चुंबक पुन्हा काचेला लावलं.

दाणे सरसर सरकत काचेला येऊन चिकटले. दोन्ही नळ्यांतले.

तपासनिसाने डोळे मिटले. बायको खोटं बोलली नव्हती. माल चोख होता.

"म्हणजे त्या दिवशी याला हायड्रोजन मिळाला नाही," तो म्हणाला. "नायट्रोजनच वाहत राहिला. आणि हायड्रोजन तुम्ही सोडलात म्हणता."

मावशीने चुंबक खाली ठेवलं.

"मावशी, तुमची गाडी दुपारी बाहेर गेली. पानाने बघितली."

ती खुर्चीत बसली आणि पदराने तोंड पुसू लागली. "मुलाखत होती माझी. दुसरीकडे नोकरीची. पाहुणे येणार, त्याच दिवशी बोलावलं त्यांनी. कसं सांगू कुणाला? ती गेल्यावर मला इथे श्वास घेता येत नाही भाऊजी. म्हटलं, धाकटा आहे ना, तो बघेल. त्याला सांगून गेले. तो म्हणाला, खुशाल जा, मी कुणाला सांगणार नाही."

"आणि काल सगळे तिला खोटारडी ठरवत होते, तेव्हा तुम्ही मूग गिळून बसलात."

"हो." ती रडायला लागली. "बसले."

तपासनीस चिडायला हवा होता, पण त्याला नुसतं थकल्यासारखं वाटलं. जी बायकोचे केस विंचरत होती, तिने आपली नोकरी जाईल म्हणून तिचं नाव जाऊ दिलं. मात्र भट्टीपाशी ती नव्हती. उरला एकच माणूस. आणि त्याने तर हायड्रोजन सोडून फुग्यात पाणीही बघितलं होतं. मग त्याच्यानंतर तिथे कोण आलं?

५

"कुणी आलं नाही," पाना ठामपणे म्हणाला. "मी गेटावरून परत आलो तेव्हा धाकटे बाहेर पडत होते. दाराला कुलूप मीच लावलं, सकाळी मीच उघडलं. सकाळी बघतो तर व्हॉल्व्ह हायड्रोजनवर, सगळं जिथल्या तिथे."

"मधे कुणी नायट्रोजनवर फिरवला असेल."

"धाकटे समोर असताना? आणि दाणे जागवायला तासन्‌तास लागतात हो."

तपासनीस नळीच्या खाली वाकला. नळीच्या तोंडाशी, बर्फाच्या डब्यात बसवलेला काचेचा गोल फुगा होता. बाहेर पडणाऱ्या वायूतली वाफ त्यात थंड होऊन साचायची. फुग्याच्या सांध्यावर लाल रंगाची रेघ होती, मधोमध तुटलेली.

"ही रेघ कसली?"

"माझी आयडिया!" पाना खुलला. "इथे प्रत्येकाच्या हाताला खाज. येतो जातो तो नट पिळतो, मग गळती, आणि बोलणी मला. म्हणून मी सांधा बसवला की नटापासून काचेपर्यंत रेघ ओढतो. कुणी उघडला की रेघ तुटते, पुन्हा जुळवता येत नाही. भट्टी लावतानाच ओढली होती."

"ही कधी तुटली?"

"काल चाचणी संपल्यावर. संचालक म्हणाले, सगळं उघडून दाखव. समितीसमोर रेघ तोडून फुगा काढला. तुम्ही नव्हता, धाकटे तुम्हाला घरी घेऊन गेले होते."

"सकाळी रिकामा केला नव्हता?"

"कुठला वेळ? पाहुणे दारात. रेघ शाबूत बघितली आणि तसाच पुढे गेलो."

"आणि फुग्यात काय होतं?"

"काही नाही. ठणठणीत कोरडा. मिथेन होताना पाणी होतं, मिथेनच झाला नाही तर पाणी कुठून येणार? समितीतला एक जण त्यात बोट घालून..."

पुढचं तपासनिसाला ऐकू आलं नाही. त्याने बर्फाच्या डब्याची कड घट्ट धरली.

बंद फुगा. न तुटलेली रेघ. आत एक थेंब नाही. आणि धाकट्याने त्यात पाणी ठिबकताना बघितलं होतं, या डोळ्यांनी.

दुसऱ्या कुणी नुसतं 'हायड्रोजन सोडला' म्हटलं असतं. पण धाकट्याला काम येत होतं. जागवताना पाणी पडतं हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून खोट्याला खऱ्याचा रंग चढवायला त्याने ते पाणी घातलं. फुगा उघडून कोरडा निघाला, हे तेवढं त्याला ठाऊक नव्हतं. त्या वेळी तो थोरल्या भावाचा दंड धरून त्याला घरी नेत होता.

६

धाकटा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता.

"फुगा कोरडा होता," तपासनीस दारातूनच म्हणाला.

सुरी थांबली. धाकट्याने मागे वळून बघितलं नाही.

"चाचणीनंतर सगळ्यांसमोर उघडला. तू पाणी कुठे बघितलंस?"

नळ ठिबकत होता. धाकट्याने तो बंद केला, हात पुसले, आणि पाटावर बसावं तसा जमिनीवरच बसला.

"दिवसभर नायट्रोजन ठेवला," तो म्हणाला. "जाताना व्हॉल्व्ह फिरवला."

"तिने तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं."

"माहीत आहे."

"आणि तू केसाने गळा कापलास? मेलेल्या माणसाचा? चार महिने माझ्यासाठी चहा करत होतास. काल माझा दंड धरून मला बाहेर आणलंस!"

"दंड खोटा नव्हता दादा."

"गप्प बस!"

धाकटा न राहवून म्हणाला, "तो उत्प्रेरक माझा आहे."

"काय?"

"वहिनीचे दाणे टिकायचे नाहीत. उष्णतेने निकेलचे कण एकमेकांना चिकटायचे, आठवड्यात सगळं मंद. निकेलचे कण सुटे राहावेत म्हणून सेरियमचं द्रावण शेवटी घालायचं, थेंबाथेंबाने, आणि थंडीत वाळवायचं, हे मी शोधलं. ती सुट्टीवर होती तेव्हा. परत आल्यावर तिला दाखवलं. तिने मला मिठी मारली. आणि पुढच्या सभेत ते स्वतःचं म्हणून मांडलं."

"खोटं बोलतोयस."

"मी विचारलं तिला. म्हणाली, तुझ्याकडे पदवी नाही, तुझं कोण ऐकणार? पुढच्या वेळी तुझं नाव घालू. मग ती आजारी पडली. आजारी माणसाशी भांडू का? आणि ती गेल्यावर कुणाशी भांडू? तुझ्याशी? तू तिची उशी अजून धुवायला टाकली नाहीस!" त्याचा आवाज फाटला. "पाटीचं कळलं, तेव्हा मला सहन झालं नाही. ती खोटारडी ठरावी असं नव्हतं मनात. नुसतं त्या दिवशी ते कापड निघू नये, एवढंच. मग संचालक बोलायला लागले, आणि मला तोंड उघडता येईना."

"उघडलंस की. निकेल कमी पडलं असेल म्हणालास."



तपासनीस तसाच बाहेर पडला आणि चालत मावशीच्या घरी गेला. तिने दार उघडलं. त्याने उंबऱ्यावरच विचारलं, "सेरियम शेवटी घालायचं, हे कोणाचं?"

मावशी बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत राहिली. त्या वेळातच त्याला उत्तर कळलं.

"मी तिला बोलले होते, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "ती म्हणाली, घरातलंच आहे, घरातच राहील."

७

सोमवारी समिती पुन्हा जमली. निवेदनाचे कागद संचालकांच्या टेबलावर तयार होते. आदल्या दिवशी मावशीने आणि पानाने मिळून दाणे जागवले होते, या वेळी खरोखर हायड्रोजन सोडून. फुग्यात पाणी जमलं होतं. पानाने कार्बन डायऑक्साइड सोडला.

काटा थरथरला. मग उठला आणि चढतच गेला. समितीतल्या कुणीतरी टाळी वाजवली. पाना मीटरसमोर उकिडवा बसून "चल माझ्या राजा, चल" करत होता.

संचालकांनी कागद उलटे करून ठेवले. "एवढंच सिद्ध व्हायचं होतं. कुठेतरी व्हॉल्व्हची चूक झाली, होतं असं कधी कधी. बाईंचं नाव स्वच्छ आहे. आता ठरल्याप्रमाणे त्या पाटीवरचं कापड..."

सगळे तपासनिसाकडे वळले. धाकटा दाराशी उभा होता. मावशीने नजर जमिनीवर लावली.

ती खोटारडी नाही, हे सिद्ध करायला तो इथे आला होता, आणि ते सिद्ध झालं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. कापड निघालं असतं, टाळ्या झाल्या असत्या. धाकटाही काही बोलला नसता. त्याने काल रात्री तसं सांगितलंही होतं.

"तिचे आकडे खरे आहेत," तपासनीस म्हणाला. "तुमच्या समोर काटा आहे. ते काम तिने चोख केलं, आणि ते तुम्ही लिहून द्या. पण हे शोधलं तिने नाही. माझ्या भावाने शोधलं. तिने त्याचं नाव दडवलं. मावशींना हे माहीत आहे. आणि व्हॉल्व्हची चूक झाली नाही. ती माझ्या भावाने मुद्दाम केली. दोन्ही लिहा. एक लिहाल आणि एक सोडाल, असं नको."

वायूची बारीक शिट्टी तेवढी चालू होती.

संचालक घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे पाटीवर काय घालायचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

फाटकाबाहेर धाकट्याने त्याला गाठलं. "मी मागितलं नव्हतं दादा. तू तिचं नाव ठेवलं असतंस तर मी हूं की चूं केलं नसतं."

"माहीत आहे."

"आता माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"घरी येऊ?"

तपासनीस चालत राहिला. थोडं पुढे जाऊन म्हणाला, "ये. पण तिच्याबद्दल माझ्याजवळ एक शब्द बोलायचा नाही. चांगला नाही, वाईट नाही. मीही बोलणार नाही."

धाकट्याने मान हलवली. दोघं शेजारी शेजारी चालू लागले. कोपरा आला, दुकानं आली, पूल आला. धाकट्याने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. चार महिने ते दोघं तिच्याबद्दल सोडून दुसरं काहीच बोललेले नव्हते.